आंब्याच्या आढीवरचे तीळ

परवा माझी भाची आंब्याच्या वासाचा साबण घेऊन आली. पिवळाधमक, वर एक पान कोरलेलं. न्हाणीघराचं दार उघडलं की घरभर आंबाच आंबा. "आत्या, अगदी आंबा वाटतो ना गं?" तिनं विचारलं. मी "हो" म्हटलं खरं. सुभद्राबाई असत्या तर त्यांनी तो साबण हातातसुद्धा घेतला नसता. दारातूनच म्हणाल्या असत्या, "याले देठ नाई, बाई."

हा त्यांचा ठरलेला आक्षेप. फळाचा वास तीन जागचा असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. देठाचा, सालीचा आणि पोटाचा. देठाचा वास चिकाचा, जरा तिखट. सालीचा उन्हाचा. पोटाचा गोडाचा. बाजारातले लोक पोटाचा तेवढा उचलतात, म्हणून त्यांच्या बाटलीत फळ नसतं, सरबत असतं. हे त्या इतक्या सहज सांगत की, मी गणित शिकवणारी बाई, मलाही ते पाढ्यासारखं पाठ झालं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळाली आणि मी खानदेशातून एक पेटी, एक वळकटी आणि भरपूर तोरा घेऊन तिथं उतरले. राहायला खोली मिळाली नालवाडीत. नालवाडी तेव्हा वर्ध्याच्या कडेचं लहानसं गाव. शाळेपर्यंत चांगली अर्ध्या तासाची चाल. घरमालक शंकरजी यांचं बाजारात सुगंधी तेलाचं आणि उदबत्त्यांचं दुकान होतं. सुभद्राबाई त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ तापानं गेला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. मी पाहिल्या तेव्हा चाळिशीला आल्या होत्या.

मी ओसरीवर पेटी ठेवली तेव्हा त्या दाराआड उभ्या होत्या. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, आणि चेहऱ्यात पहिल्यांदा दिसलं ते नाक. सरळ, बारीक, सतत काहीतरी ऐकत असल्यासारखं. त्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या पेटीत केळीच्या पानात बांधलेलं काई हाय. काढून घ्या. पान आंबून राह्यलं."

आईनं दिलेले लाडू होते. पेटीला कुलूप होतं. मी कुलूप काढून पाहिलं तर पानाची एक कड खरोखरच चिकट झाली होती. मला त्यांची भीतीच वाटली. पुढे सवय झाली. घरात कुणाला ताप येणार आहे हे त्या आदल्या दिवशी सांगत. दूध नासण्याच्या तासभर आधी "ते आधी वापरून टाका" म्हणत. शांता, म्हणजे शंकरजींची मुलगी, माझ्याच वर्गात होती. ती शाळेतून येताना कुठल्या मैत्रिणीच्या घरी चिवडा खाऊन आली, हे ती उंबरठा ओलांडायच्या आत तिच्या मोठ्या मायला कळलेलं असे. मोठी माय म्हणजे सुभद्राबाई. शांता त्यांना तशीच हाक मारी.

घराच्या मागे एक अंधारी, थंड खोली होती, तिला सगळे कोठी म्हणत. कोठीला लागून तेलाची घाणी आणि घाणीचा म्हातारा बैल. शंकरजींच्या दुकानातलं मोगऱ्याचं तेल गावोगाव प्रसिद्ध होतं, आणि ते शंकरजी करतात अशी सगळ्यांची समजूत होती. करत सुभद्राबाई. तीळ धुऊन, साल काढून, खडखडीत वाळवायचे. मग कोठीतल्या लाकडी पेटीत तिळांचा एक थर, फुलांचा एक थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं. रात्रभरात तीळ वास पिऊन घेतात. सकाळी चाळून फुलं टाकायची, नवी घालायची. असं सात-आठ दिवस. मग तेच तीळ घाणीत घालायचे. जे तेल निघतं त्यात फूल असतं, बाहेरून काही मिसळावं लागत नाही. तेल बाटलीत भरल्यावरही त्या महिनाभर ते हलू देत नसत. कुणी घाई केली की म्हणत, "थांबा. वास अजून घरी नाई आला."

आणि हे सगळं करणाऱ्या बाईंनी ते तेल स्वतःच्या डोक्याला कधी लावायचं नव्हतं. विधवेनं वास लावू नये, असा त्या घरचाच काय, सगळ्या मुलखाचा रिवाज. त्यावर कुणी कुणाला रागावत नव्हतं, कारण तो मोडायचा विचारच कुणाच्या डोक्यात येत नव्हता. सुभद्राबाई तेल कडुलिंबाच्या काडीनं ढवळत, बोट बुडवत नसत. काम संपलं की बेसन आणि राखेनं कोपरापर्यंत हात घासत. एकदा मी म्हटलं, "अहो, हातालाच तर लागतंय, राहू द्या की थोडा वास." त्या गोंधळून माझ्याकडे पाहत राहिल्या आणि पुन्हा हात घासायला लागल्या. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. आता वाटतं काढायला हवा होता, भांडायला हवं होतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला भांडणं फक्त शाळेत करता येत.

पण तेल डोक्यावर कसं वागतं हे डोक्याशिवाय कसं कळणार? बाटलीतला वास एक आणि केसातला एक. घाम, ऊन, धूळ यांच्याशी त्याचं जमतं की नाही ते पाहावं लागतं. शांताची आई घाईची बाई. तिला काहीही लावा, ती "छान हाय वैनी" म्हणून चुलीकडे पळे. म्हणून मी तिथं राहायला गेल्यावर पंधरा दिवसांतच सुभद्राबाईंनी मला धरलं. नवं तेल सकाळी त्या माझ्या खोलीच्या उंबरठ्यावर छोट्या बाटलीत ठेवत. मी ते लावून शाळेत जायचं, आणि संध्याकाळी त्यांच्यासमोर पाट टाकून बसायचं. पहिल्या घंटेला कसा होता, मधल्या सुट्टीत कसा होता, शेवटच्या तासाला काय उरलं, सगळं सांगायचं. मी उत्तर देई तेव्हा त्या डोळे मिटून, हातभर अंतरावरून माझ्या वेणीचा वास घेत. मध्येच म्हणत, "मधल्या सुट्टीत तुम्ही उन्हात बसल्या होत्या." मी खरोखरच डबा खायला बाहेर बसलेली असे. थोडक्यात, मी त्यांचं डोकं झाले. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

फुलांची तेलं त्यांना लग्नानंतर नवऱ्यानं शिकवली होती आणि नवऱ्याला त्याच्या बापानं. मोगरा त्या घरचा, केवडा त्या घरचा. फळ कुणीच केलं नव्हतं. फळाचा वास तेलात उतरत नाही, हे त्या धंद्यातले सगळे मान्य करत. तापवलं की तो शिजतो, कुस्करलं की आंबतो. सुभद्राबाईंनी मात्र हट्ट धरला. एका वर्षी कवठाचा प्रयोग केला, तर तीळ बुरसले आणि घरभर असा वास सुटला की शंकरजींकडे आलेल्या पाहुण्यांनी जेवताना कवठाची चटणी मागितली. "आज चटणी नाई केली," म्हणून शांताची आई शरमली. सुभद्राबाई आत तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक.

अंगणात हिरव्या चाफ्याचा वेल होता. त्याचं फूल पानाच्याच रंगाचं, शोधून सापडत नाही, पण पिकलं की पिकल्या फणसासारखं, अननसासारखं घमघमतं. सुभद्राबाई वेलाखाली उभ्या राहत आणि हात घालून नेमकं फूल काढत. त्या फुलाचं तेल त्यांनी केलं ते इतकं फळासारखं झालं की शंकरजी हरखून गेले. "वैनी, हे फणसाचं म्हनून विकू!" सुभद्राबाई तयार होईनात. "फूल सोंग घेते भाऊजी," त्या म्हणाल्या, "म्हनून आपून बी घ्यावं का?" ते तेल हिरव्या चाफ्याचं म्हणूनच विकलं गेलं.

माझ्या दुसऱ्या वर्षी इंदूरकडचा एक एजंट एसेन्सच्या बाटल्या घेऊन आला. केळं, अननस, संत्रं, आंबा. साध्या तेलात दोन थेंब टाकले की काम झालं. तो ओसरीवर बसला, शंकरजी समोर, आणि सुभद्राबाई दाराआड. टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून तो माझ्या हाती देई आणि मी त्या आत नेई. "सूंघिए बहनजी, सूंघिए," म्हणत होता. केळ्याची पट्टी हुंगून मी थक्क झाले. मी केळीच्या मुलखातली; मला वाटलं आमच्या परसात उभी आहे. सुभद्राबाईंनी वास घेतला आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडे असं केळ होते का बाई?"

"अगदी असंच!"

"नाई. हे झाडाले लागलंच नाई कधी. याले कच्चेपन मालूम नाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तीच पट्टी माझ्यापुढे धरली. वास तसाच होता. "आजपावेतो काळं पडाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. "जे सडत नाई ते फळ कायचं?"

हे शंकरजींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "वैनी, सडत नाई हेच त पायजे ना दुकानात!"

शंकरजी वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. वहिनीला ते कधी उणं बोलले नाहीत, आधी तिचं ताट वाढलं गेलं का ते पाहत. पण काळ कुठं चाललाय ते त्यांना दिसत होतं. आजूबाजूच्या गावांतली पोरी-बाळी आता एसेन्सची रंगीत तेलं मागत होत्या. त्या पावसाळ्यात त्यांनी एक दिवस ओसरीवर बसून स्पष्ट सांगितलं. मी तिथंच वह्या तपासत होते.

"वैनी, कोठी मले डब्यांसाठी पायजे. बैल बी थकला. पन तुमचं मन मी मोडत नाई. येत्या उन्हाळ्यात आंब्याचं तेल तुम्ही काढून दाखवा. जमलं त कोठी अन् घाणी तुमची, मी पुन्हा तोंड नाई उघडनार. नाई जमलं त मंग बंद करू."

"बरं," दाराआडून उत्तर आलं.

रात्री जेवण झाल्यावर मी त्यांना विचारलं की इतकी तेलं येतात तुम्हाला, आंब्याचाच हट्ट का. त्यांनी तिळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मोगरा सासऱ्याचा हाय. केवडा ह्याईचा होता. आंब्याचं झालं त ते माहं राहीन." ह्याईचा म्हणजे नवऱ्याचा. स्वतःसाठी काहीतरी हवं असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं ते तेवढंच.

त्या उन्हाळ्यात घरात दोन गोष्टींची तयारी एकदम चालली होती. शांताचं लग्न आर्वीकडच्या रोहण्याला ठरलं होतं, मिरगाच्या आधीच्या शेवटच्या तिथीला. आणि अक्षय्य तृतीया होऊन पंधरवडा झाल्यावर कोठीत आंब्याची आढी लागली होती. फळाला तीळ टेकवले की बुरसतात हे कवठानं शिकवलं होतं, म्हणून सुभद्राबाईंनी नवीच युक्ती काढली. खाली तणसात पिकायला घातलेले गावरान आंबे, त्यावर चार बोटं मोकळी जागा सोडून बांबूचं ताटवं, ताटव्यावर मलमल आणि मलमलीवर तीळ. वरून घोंगडी. फळ पिकताना जो श्वास सोडतं तेवढाच तिळांनी प्यायचा. आंबे रोज बदलायचे. कुठल्या झाडाचा आंबा कोणत्या दिवशी घालायचा तेही त्यांनी ठरवलं होतं. आधी शेपूच्या वासाचा, त्याचा देठ बोलका. मग जाड सालीचा, शेवटी रसाळ गोटी आंबा. बदललेले आंबे आम्ही सगळे खात होतो. अख्ख्या नालवाडीनं त्या वर्षी आमच्याकडचे आंबे खाल्ले.

अकराव्या दिवशी घाणी चालली. पहिलं तेल पितळेच्या भांड्यात पडलं तेव्हा मी, शांता आणि शांताची आई तिघीजणी नुसत्या उभ्या राहिलो. आंब्याचं तेल नव्हतं ते, आढीच होती. तणस, चीक, ऊन, गोड, सगळं. शांता म्हणाली, "मोठी माय, माह्या लग्नात मी हेच लावीन. दुसरं नाई." काडी ढवळणारा सुभद्राबाईंचा हात थांबला.

तेल मुरायला महिना हवा होता. लग्नाला उरले होते पंधरा दिवस. म्हणून त्यांनी नेहमीसारखी छोटी बाटली माझ्या उंबरठ्यावर ठेवली.

शाळेला सुट्टी होती, पण शिक्षिकांसाठी सूतकताईचा वर्ग चालू होता. मी तेल लावून, उरलेली बाटली पिशवीत टाकून गेले. पहिला तास सगळ्याजणी माझ्याकडे वळून वळून पाहत होत्या, "काय लावलंय हो?" म्हणून विचारत होत्या, आणि मी ताठ मानेनं चरखा फिरवत होते. दहा वाजले, ऊन तापलं. माझ्या कानाशी काहीतरी गुणगुणलं. मग कपाळाशी. बारीक चिलटं होती, पिकल्या फळावर बसतात ती. अकरापर्यंत डोक्याभोवती त्यांचा ढगच झाला. घामाबरोबर तेलातला गोडवा उडून गेला होता आणि मागे उरला होता शिळ्या आमरसाचा आंबूस दर्प. शेजारच्या बाई नाक मुरडून म्हणाल्या, "कुठं रस सांडलाय का गं?" मी उठले, शाळेच्या विहिरीवर गेले, दोन बादल्या पाणी ओढलं आणि डोकं खसाखसा धुतलं.

परतताना मी काय सांगायचं ते जुळवत होते. खरं तर जुळवण्यासारखं काही नव्हतं. सांगायला हवं होतं, की सुभद्राबाई, हे चार तास टिकतं आणि मग नासतं. त्यांनी काहीतरी उपाय काढला असता, वास धरून ठेवायला चंदनाची जोड दिली असती, नाहीतर शांताला थेंबभरच लावू दिलं असतं. पण घरामागच्या वळणावर आल्यावर मला कोठी दिसली. दार उघडं होतं आणि सुभद्राबाई उंबरठ्यावर बसून रस्त्याकडे बघत होत्या. माझी वाट बघत होत्या. अठरा वर्षांत त्या कधी कुणाची वाट बघत बाहेर बसल्या नसतील. मी मागच्या मागे वळले, आंब्याच्या झाडाआड जाऊन पिशवीतली बाटली काढली, थोडं तेल पुन्हा केसांना लावलं, वेणी घातली आणि आले.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं. डोळे मिटून वास घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"छान आहे," मी म्हटलं. "फारच छान."

"दुपारी?"

"दुपारीसुद्धा."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मग हसल्या. कवठाच्या चटणीनंतरचं ते दुसरं हसू. जन्मभर मी मुलींकडून 'खरे बोलावे' अशी पाटी गिरवून घेतली आणि त्या संध्याकाळी इतक्या सहज खोटं बोलले. संध्याकाळी शंकरजींनीही मला विचारलं, "बाई, लावून पाह्यलं ना? देऊ ना पोरीले?" त्यांनाही मी तेच सांगितलं. त्यांचा माझ्या शब्दावर विश्वास होता.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड रोहण्याहून सकाळीच आलं. उकाडा असा की मांडवाचे हिरवे डहाळे दहा वाजताच मान टाकून बसले. बायकांनी शांताचं डोकं तेलानं अगदी न्हाऊ घातलं, घरचं तेल, कौतुकाचं तेल. मुहूर्त दुपारचा होता. सुभद्राबाई रिवाजाप्रमाणे मांडवात आल्या नव्हत्या. माजघराच्या दाराच्या फटीतून बघत होत्या. मी त्यांच्याजवळच उभी होते.

मुंडावळ्या बांधून शांता पाटावर बसली आणि थोड्या वेळानं तिनं कपाळाशी हात हलवला. पुन्हा हलवला. मग दोन गांधीलमाश्या आल्या आणि करवल्या किंचाळत मागे सरल्या. शेवटी नवऱ्या मुलाची आत्या मोठ्यानं म्हणाली, "नवरीच्या डोक्याले शिळ्या रसाचा वास काऊन येऊन राह्यला?" आणि मग, जरा थांबून, "तेल कोनाच्या हातचं हाय?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. शांता डोकं खाली घालून रडायला लागली. शांताची आई तिला उठवून न्हाणीत घेऊन गेली, डोकं धुतलं, मुहूर्त टळता टळता ओल्या केसांनी पोरगी बोहल्यावर उभी राहिली. लग्न लागलं. रोहण्याची माणसं समजूतदार निघाली, नंतर कुणी त्याचा उच्चारही केला नाही, शांताचा संसार उत्तम झाला. पण त्या क्षणी माजघरात मी सुभद्राबाईंचा हात धरायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि मोरीत जाऊन बेसन-राखेनं घासायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी तेलाला स्पर्शही केला नव्हता.

शंकरजी रागावले नाहीत. दोन दिवसांनी एवढंच म्हणाले, "वैनी, आता पुरे." बैल एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेला. कोठीत पत्र्याचे डबे आले. सुभद्राबाई स्वयंपाकघरात बसू लागल्या. सकाळी माझ्या उंबरठ्यावर आता काही नसे. मी रोज ठरवी, आज सांगायचं. की चूक तुमची नाही, माझी आहे, मला कळलं होतं. रोज काहीतरी आड येई, आणि खरं सांगायचं तर मीच ते आड आणी. दिवाळीनंतर त्यांचा भाऊ कारंज्याहून आला आणि त्यांना घेऊन गेला. पुढच्या वर्षी माझीही बदली झाली.

त्यानंतर तीनेक वर्षांनी, वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याच्याही नंतर, मी नागपूरहून अमरावतीला चालले होते. मोटार कारंज्याला थांबली. ड्रायव्हर ढाब्यावर चहाला गेला. रस्त्यापलीकडे संत्र्यांचे ढीग होते, ट्रक भरत होते, आणि ढिगाशेजारी पोत्यावर एक बाई बसल्या होत्या. पदर, मोकळं कपाळ, नाक.

मी जवळजवळ धावतच गेले. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "या बाई," जणू मी शाळेतूनच आले होते. बाग भावाची होती. भाचे संत्री टोपल्यांतून त्यांच्यापुढे ओतत, त्या एकेक उचलून नाकाशी नेत आणि मधूनच एखादं बाजूला टाकत. दिसायला ते इतरांसारखंच असे. "पेटीत एक नासकं गेलं का कलकत्त्यापर्यंत सगळी पेटी जाते," त्यांनी सांगितलं. "म्हनून मले बसवते." आत्याच्या नाकाचं भाच्यांना फार कौतुक होतं. एक जण मला म्हणाला, "आमच्या आत्याबाईसारखं सडकं कोनाले ओळखू येत नाई, बाई."

मी तिथंच पोत्याच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "सुभद्राबाई, मी त्या दिवशी खोटं बोलले. तेल दुपारी नासलं होतं. मी डोकं धुऊन आले होते."

"मालूम हाय," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"त्या दिवशी अमोशा होती, बाई. अमोशेले डोक्यावरून कोन नाहाते? वरून माहं तेल ताजं होतं अन् खाली केसाच्या मुळाशी तुमच्या शाळेच्या विहिरीचं पानी होतं. मी तेव्हाच वळखलं."

"मग बोलला का नाहीत? शांताला लावू का दिलंत?" माझा आवाज चढला होता. मी त्यांच्यावर रागावले होते की स्वतःवर, कोण जाणे.

त्या हातातलं संत्रं उगीच फिरवत राहिल्या. "अठरा वर्सं मी त्या घरात तेल केलं. लोक म्हने, शंकरजीचं तेल छान हाय. घरचे म्हने, ह्याईची शिकवन छान हाय. तुम्ही माह्याकडे पाहून छान म्हटलं, बाई. मले ते लय गोड वाटलं. मंग म्हटलं, असन बा, एक डाव माहं नाकच खोटं असन."

मी त्यांचा हात धरला. या वेळी त्यांनी सोडवून घेतला नाही. संत्र्याच्या सालीचा वास होता हाताला, कोपरापर्यंत, आणि तो धुवायची त्यांना घाई दिसली नाही. मोटारीचा भोंगा वाजला. त्यांनी माझ्या पिशवीत डझनभर संत्री घातली, प्रत्येक नाकाशी नेऊन, आणि म्हणाल्या, "जा आता. मोटार सुटन. अन् येजा कधी."

मी पुन्हा गेले नाही. जाईन जाईन म्हणता म्हणता एक दिवस शांताचं पत्र आलं, मोठी माय गेली म्हणून.

त्या दिवशी मोटार सुटली तेव्हा मी खिडकीशी बसले होते. त्यांच्यापुढे नवी टोपली ओतली गेली होती. मी हात हलवला, एकदा हाकही मारली. त्यांनी पाहिलं नाही. एक संत्रं नाकाशी धरून, डोळे मिटून त्या बसल्या होत्या, आणि भाचा दुसरी टोपली घेऊन त्यांच्यासाठी थांबला होता.